आईचं पत्र: शाळा, तो आणि तू

फोंडा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

शाळेत तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या मुलावर तुझं मन बसलंय, हे तू फोनवर सांगितलंस. आनंद झाला, आणि लगेच वर्गातल्या पोरांची काळजी वाटली.

झुआरीनगरची ही मुलं घरी कन्नड नाहीतर लमाणी बोलतात. शब्द कळला नाही की शिकवणाऱ्याचा चेहरा बघतात. तुमचा अबोला त्यांच्यापासून लपणार नाही. म्हणून एका वर्गात दोघांनी उभं राहू नका. अक्षरओळखीची मुलं एकाने घ्यावी, जोडाक्षरं वाचणारी दुसऱ्याने. महिन्याच्या शेवटी गट बदलून प्रत्येकाचं वाचन ऐकावं. वही मात्र दोघांची एकच: कोण कुठल्या पानावर, अडतं नेमकं कुठे. नुसतं 'चुकतो' लिहू नको, 'खुर्ची पडलं' म्हणतो असं लिही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, म्हणजे ते पोर घरच्या व्याकरणाने बरोबरच बोलत असतं. नियम सांगून भागत नाही. वस्तू हातात देऊन 'ती वाटी पडली, तो डबा पडला' असं पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावं लागतं. अशी वही असली की उद्या तुमचं बिनसलं, एकाने शाळा सोडली, तरी मुलांचं शिकणं थांबत नाही. बिनसूही शकतं, बाय, हे धरूनच चालायचं.

मुख्याध्यापिकेला दोघांनी मिळून सांगा, पालकांच्या कानावर जायच्या आत. देणगीच्या खर्चाच्या व्हाउचरवर तुम्हा दोघांच्याच सह्या असतील तर एक बदलून घ्या. एकाने दुसऱ्याचं तपासावं म्हणून तर दोन सह्या असतात. आपल्याला कुणी नको तसा हात लावला असं एखाद्या मुलाने सांगितलं तर आपसात ठरवत बसू नका. पोलिसांना कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही फोन करता येतो.

त्याला ओळखायचं तर सरकारी शाळेत मुलांची नावं घालायच्या दिवशी बघ. वयाचा दाखला नाही म्हणून 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही, तरी आयांना परत पाठवतात. अशा वेळी तो त्या बाईबरोबर कचेरीत बसून राहतो, की आवाज चढवून निघून येतो? मला त्याचं हेच जाणून घ्यायचंय.

लग्नाचं ठरलंच, तर गोव्यात निबंधकासमोर दोन सह्या असतात. पहिली नुसत्या इच्छेची. मधे नोटीस लागते, आणि दुसरी झाल्यावरच लग्न नोंदतं. पहिलीवर थांबून स्वतःला नवराबायको समजू नका, पुढे वारसाहक्काला तेच नडतं. वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता, वारशाचीसुद्धा, निम्मी-निम्मी धरतात. वेगळी ठेवायची तर करार लग्नाआधीच नोंदवावा लागतो. नंतर बदलता येत नाही. हा विषय त्याच्याकडे तूच काढ. आम्ही मोठ्यांनी काढला तर त्याला देण्याघेण्याचा वास येईल.

तुझी,
आई