बाबा, ती गोळी आजच चालू करा

आई, बाबा,

काल फोनवर आई हळूच बोलली की बाबांनी तीन दिवस टेनोफोविरची गोळी घेतलीच नाहीये, स्ट्रिप पेपरात गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवलीये. मेडिकलवाल्याने चारचौघांत विचारलं ना, ही एचआयव्हीची गोळी कोणाला म्हणून? काय बोलावं अशा माणसाला.

बाबा, तुमची एचआयव्हीची टेस्ट गोळी सुरू करायच्या आधीच केली होती, निगेटिव्ह आहे, फाइलमध्येच आहे रिपोर्ट. तुम्हाला हिपॅटायटिस बी आहे, म्हणजे लिव्हरचा व्हायरस. गोळी दोघांना चालते कारण दोन्ही व्हायरसची खोड एकच. आपल्या पेशीत डीएनएवरून आरएनए बनतो, हे दोघं उलटे, आरएनएवरून डीएनए बनवतात, आणि ते करणारा एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर या दोन शास्त्रज्ञांना तो वेगवेगळ्या लॅबमध्ये सापडला, पाच वर्षांत नोबेल.

आता तुमच्या दौंडच्या रेल्वे यार्डातलं सांगते. हा एन्झाइम एकामागे एक डबा जोडत डीएनएची गाडी लांबवत जातो. टेनोफोविर पेशीत गेली की हुबेहूब डब्यासारखी दिसते, फक्त मागचं कपलिंगच नाही! हा डबा एकदा लागला की पुढचा लागणार कशाला, गाडी तिथेच खोळंबते. आपल्या पेशींचे एन्झाइम असला डबा सहसा घेत नाहीत, व्हायरसचा गडी मात्र धांदरट, जोडलेलं परत तपासायची सवयच नाही त्याला. याच धांदरटपणामुळे एचआयव्ही सारखा रूप बदलतो आणि तिथे एका औषधावर भागत नाही. इफाव्हिरेन्झ म्हणून एचआयव्हीची दुसरी गोळी आहे, तिचा प्रकार अजून वेगळा, ती डबा बनत नाही, एन्झाइमच्याच एका खाचेत पाचर मारते, पण हिपॅटायटिस बीवर ती चालत नाही.

आणि बंद का नाही करायची, तर व्हायरसची मूळ प्रत लिव्हरच्या पेशींत तशीच बसून राहते, गोळी तिला हात लावत नाही, फक्त नवीन गाड्या सुटू देत नाही. गोळी थांबली की परत वाहतूक सुरू, कधीकधी लिव्हरला एकदम मोठा दणका बसतो. म्हणून आजची गोळी आज घ्या, राहिलेल्या तीन एकदम घेऊ नका, आणि डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगा, रागावले तर रागावले.

आई, वहिनी म्हणाली तू बाबांचं ताट-पेला वेगळा केलायस. कशाला गं? जेवणातून, भांड्यांतून हे पसरत नाही, ब्लेड आणि ब्रश तेवढा वेगळा ठेव. तू स्वतःची टेस्ट मात्र अजून केली नाहीयेस, ती कर, निगेटिव्ह आली तर लस घे, तीन डोस असतात.

किडनीसाठी क्रिएटिनिन करायला सांगितलं होतं त्याच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, गेल्या वेळेस अर्धाच आला होता, बाबांचा अंगठा मध्ये.

तुमची,
छकुली