आत्याआजीचं आलवण निळं नव्हतं

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात आमचा फोटो स्टुडिओ आहे. आजोबांनी काढला, वडिलांनी चालवला, आणि मी तो पासपोर्ट फोटो नि झेरॉक्सवर कसाबसा तगवून ठेवलाय. तरी या पत्रात धंद्याची रड नाही. गाऱ्हाणं आहे ते एका निळ्या रंगाचं.

गेल्या मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना, जवळच जुन्या कोकणाच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. फोटो गावकऱ्यांकडूनच मागवलेले, संगणकावर रंगवून दाराएवढे मोठे छापलेले. आम्हीही एक दिला होता. आजोबांच्या बहिणीचा, १९३४ च्या सुमाराचा, आजोबांनीच काचेच्या प्लेटवर घेतलेला. आत्याआजी ओटीच्या पायरीवर बसली आहे, शेजारी सूप, मागे तांबड्या चिऱ्याचा गडगा. प्रदर्शनात बघतो तर तिच्या अंगावर मोरपिशी निळं लुगडं, ओठांवर गुलाबी छटा आणि गडगा सिमेंटसारखा करडा.

महोदय, आत्याआजी बाराव्या वर्षी विधवा झाली. तिचं केशवपन झालं आणि त्यानंतर मरेपर्यंत तिला लाल आलवणाखेरीज काही नेसू दिलं नाही. हे त्याच किनाऱ्यावर, जिथे १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून धोंडो केशव कर्व्यांना त्यांच्या मुरुडने वाळीत टाकलं. त्या आलवणाचा लाल रंग म्हणजे तिला दिलेली शिक्षा होती. प्रदर्शनात ती पुसली गेली आणि लोक म्हणाले, ‘वा, आजी काय सुरेख दिसते!’

संगणकाला तरी किती बोल लावणार? आजोबांच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन लागे, लाल लागतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चाले. लाल लुगडं, कुंकू, ताजा चिरा, सगळं त्या प्लेटवर काळपट उमटायचं आणि निळंभोर आकाश पांढरंफटक. लाल रंग नीट टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून मिळत होत्या, पण आजोबा जुन्याच वापरत. मुंबईहून येणारा माल स्वस्त तोच घ्यायचा. तेव्हा त्या काळपट डागात लाल होता की गडद निळा, हे प्लेटलाच ठाऊक नाही. संगणक मग जगभरातल्या ढीगभर फोटोंवरून अंदाज बांधतो. त्या ढिगात आलवण नेसलेली कोकणातली बाई कितीशी असणार?

मी रंगाचा वैरी नाही. आमच्या घरात रंगावरच दोन वेळची चूल पेटली. वडील माडाच्या हिराला कापूस गुंडाळून ब्रोमाइडवर, म्हणजे कागदावर छापलेल्या कृष्णधवल फोटोवर, रंग चढवायचे. गालांना हलका हात, काठाला जरा जोर. पण आधी गिऱ्हाइकाला विचारायचे, शालू कोणत्या रंगाचा होता, खण कसला होता, आणि ते पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवायचे: ‘अंग मोतिया, काठ हिरवा, डोरलं जुनं, चमक नको.’ तशी कितीतरी पाकिटं अजून आहेत. शिवाय रंगवलेला फोटो भिंतीवर गेला तरी प्लेट आमच्याकडे तशीच राहायची.

आणि काही फोटोंना तर हात लावायला नकोच. १९८४ च्या भोपाळमधला, मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाचा चेहरा आपल्याला आठवत असेल. रघु राय यांनी तो कृष्णधवल टिपला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत, आणि ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या जागतिक स्पर्धेचा त्या वर्षीचा पहिला मान रंगीत फोटोला मिळाला. दोघांनी आपापली निवड केली होती. उद्या कोणी राय यांच्या फोटोला रंग फासला तर तो बार्थोलोम्यूंचा होणार नाही, आणि राय यांचाही उरणार नाही.

२०२१ मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या, ख्मेर रूज राजवटीने छळून मारलेल्या कैद्यांचे फोटो एकाने रंगवले आणि काही चेहऱ्यांवर हसूही आणलं. तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाने जाहीर हरकत घेतली, छापणाऱ्या वेबसाइटला ते काढावे लागले. आमच्याकडे मजल हसण्यापर्यंत गेली नाही, एवढंच.

आपल्याकडे मागणं फार नाही. सरकारी पैशातून असे रंगवलेले फोटो लावले जातील तिथे शेजारी मूळ फोटो त्याच आकारात लावावा, आणि रंग कोणी, कशाच्या आधारे दिले, याची पाटी असावी. अंदाजाने दिले असतील तर ‘अंदाजाने’ असं लिहावं, त्यात लाज कसली? अमेरिकेने १९८८ मध्ये निवडक जुन्या सिनेमांसाठी अशी पाटी कायद्याने लावायला लावली होती. दुसरं काम जास्त निकडीचं. इथल्या पावसाळी दमटपणात प्लेटेवरच्या जिलेटिनला बुरशी धरते, कडेने पापुद्रे सुटतात. माझ्या माळ्यावर चार ट्रंका आहेत. बंद पडलेल्या इतर स्टुडिओंच्या माळ्यांवर किती असतील कोण जाणे. रत्नागिरीत थिबा राजवाड्यात आपलं संग्रहालय आहे. तिथे एक कोरडी खोली, एक चांगला स्कॅनर आणि काचेला हात कसा लावायचा हे कळणारा एक माणूस द्या. रंगवायचं मागाहून बघू.

शेवटी एक सांगायचं राहिलं. प्रदर्शनातल्या पोराला मी चूक दाखवली. पोरगा गुणी होता, लगेच लॅपटॉप उघडून म्हणाला, ‘बदलून देतो, काका. कुठला लाल?’

मला सांगता येईना. मी आत्याआजीला पाहिलेलं नाही आणि वडील आता नाहीत. घरी येऊन आत्याला फोन लावला. नव्वदीची आहे, पण स्मरण पक्कं. ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘लाल कसला रे, धुऊन धुऊन पार विटलेला. जुन्या मडक्यासारखा.’

तेवढं मी प्लेटच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

आपला,
एक स्टुडिओवाला,
जि. रत्नागिरी