शरणपूरच्या मावशींना

मावशी,

नाव छापलं तर रागवाल, म्हणून नुसतं मावशी. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हा तुमचा बाणा. पण मला आभार चारचौघांतच मानायचेत.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत अण्णा बागेत पडले, खुब्याचं हाड मोडलं. दिंडोरीहून नाशिकला आणून ॲडमिट केलं. शेजारच्या कॉटवर तुमच्या जाऊबाई. "काही लागलं तर सांगा" असं फोनवर सगळेच म्हणत होते, मनापासूनच. तुम्ही मात्र विचारलंच नाहीत. आईला अक्षरओळख नाही, गोळ्यांचा घोळ होणार, हे ताडून तुम्ही पाकिटांवर पेनानं चित्रं काढलीत. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्रकोर, जेवणानंतरच्या गोळीवर ताट. वर सिस्टरकडून तपासूनही घेतलंत! जाऊबाईंच्या डब्यात आईसाठी दोन भाकरी जास्तीच्या यायला लागल्या. एका रात्री तर "जा, झोप जरा, मी बसते" म्हणत मला हाकललंतच.

एवढं कशाला करता म्हटलं, तर म्हणालात, आमचं शरणपूर वसलंच आसरा द्यायला. 1854 मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांनी नाशकात वसवलेली ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथं वाढली, आणि त्यांतली काही पुढे संशोधक-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मोहिमेत आफ्रिकेत गेली. शरणपूर रोडवरून इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण हे तुमच्याकडूनच कळलं.

अण्णांना बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगत होतात, ती मीही ऐकली. लुटारूंनी मारून टाकलेला अनोळखी माणूस त्याला वाटेत दिसतो. त्यानं त्याच्या जखमा बांधल्या, उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेसारख्या मुक्कामाच्या जागी नेलं, ते ठीकच. मला भिडलं ते पुढचं. उतारशाळेच्या मालकाला पैसे देऊन तो म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे गडी परत येणार होता.

तुम्हीही आलात. डिस्चार्जनंतर एसटीनं, जाऊबाईंचा वॉकर घेऊन. आधी अण्णांना अंगणात दोन चकरा मारायला लावल्यात, मग निघताना प्रार्थना केलीत. आई देवापाशी दिवा लावत होती, तिचं होईपर्यंत थांबलात. हे मुद्दाम लिहितोय, कारण "बाई धर्माचं काही बोलली का?" असं गावात एकदोघांनी विचारलं. बोलल्या की. गोळ्या चुकवू नका म्हणाल्या.

अण्णा आता काठी टेकत बागेत जातात आणि मजुरांना ओरडतात, म्हणजे बरे आहेत. वॉकर धुऊन ठेवलाय, पुढे कुणाला लागेल ते कळवा, मी पोचवतो. सोबत द्राक्षांची एक पेटी येईल. ती मात्र वाटून टाकू नका, घरी खा.

तुमचा,
दिंडोरीचा भाचा