लॅबमधल्या ताईंना, ‘सुमन’च्या पाचव्या चौकटीबद्दल

प्रिय ताई,

लॅबची वेळ संपली होती, बाकीचे निघून गेले होते आणि मी स्क्रीनसमोरून हलले नव्हते. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला साधाच प्रोग्राम होता. फाईलमध्ये नावांची यादी. कोणी नाव टाइप केलं की ते यादीत आहे का, एवढं सांगायचं. यादीत ‘सुमन’ होतं, मी ‘सुमन’च टाइप करत होते आणि उत्तर येत होतं ‘नाही’.

चूक तुम्हाला पाहताक्षणी कळली असणार. तरी तुम्ही की-बोर्डला हात लावला नाहीत. एवढंच म्हणालात, ‘दोन्हींची लांबी छापून बघ.’ टाइप केलेल्या सुमनची लांबी आली ४, फाईलमधल्या सुमनची ५. मला तर दोन्हीकडे तीनच अक्षरं दिसत होती! मग तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि माझ्या वहीत चौकटी आखल्यात. पहिलीत स, दुसरीत नुसता उकार, मग म, मग न. खाली इंडेक्स: ०, १, २, ३. आपण ‘सु’ एका दमात वाचतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी दर चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, स आणि उकार यांचे क्रमांक वेगळे, आणि पायथॉन ते क्रमांक मोजतो. चारचा उलगडा झाला. पाचवी चौकट मात्र तुम्ही कोरी ठेवलीत. ‘हिच्यात काय आहे ते तू शोध.’

यादी छापताना दर नावानंतर एक रिकामी ओळ जास्तीची येत होती. ती मी कितीदा तरी पाहिली होती, विचार केला नव्हता. फाईलमधली ओळ वाचली की ओळ संपल्याची खूणही तिच्यासोबत येते, तीच पाचव्या चौकटीत बसली होती. मी लगेच त्या नावावर स्ट्रिप, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा आणि अशा खुणा काढणारी आज्ञा, चालवलं. पुन्हा ‘नाही’! तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘स्ट्रिंग, म्हणजे ही चिन्हांची माळ, जागच्या जागी बदलत नाही. स्ट्रिपने नवी स्ट्रिंग करून दिली, ती तू ठेवलीस कुठे?’ ती पुन्हा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ते नाव ज्या खणात साठवलं होतं त्यात, ठेवली आणि ‘आहे’ आलं.

इंग्रजी शब्दांवर शिकताना हा प्रश्न सहसा पडतच नाही, कारण तिथे दिसणारं अक्षर आणि मोजलं जाणारं चिन्ह एकच असतं. मराठीत काना-मात्रा आल्या की पहिल्याच दिवशी पडतो, आणि मला वाटतं तो पहिल्याच दिवशी शिकवावा. पुढे एकदा ‘मराठी’ हा शब्द उलटा छापला, तर सुरुवातीलाच वेलांटी आली, अक्षराविना, ठिपक्यांच्या गोलावर टेकलेली. मी वही उघडली आणि पाच चौकटी आखल्या: म, र, काना, ठ, वेलांटी. शेवटून वाचत आले, तर सगळं तसंच होतं.

ताई, स्ट्रिपची ती एक ओळ तुम्ही स्वतः टाइप केली असतीत तर दोघींनाही लवकर निघता आलं असतं. त्या संध्याकाळी तुम्ही थांबलात आणि मला शोधू दिलंत, याबद्दल मनापासून आभार. तेव्हा म्हणायचं राहून गेलं होतं.

तुमची,
‘सुमन’वर अडलेली विद्यार्थिनी