तुम्ही मला कधीच 'तू' म्हणाला नाहीत

आदरणीय मॅडम,

हे पत्र चारचौघांत लिहितेय, पण तुमचं नाव न घालता. मागच्या महिन्यात विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहा ना. फक्त माझी जाहिरात होईल असं नको." म्हणून नाव नाही. ज्या आधीच्या थेरपिस्टमुळे मला तुमच्याकडे थेरपीला यावं लागलं, त्यांचंही नाव नाही. त्याचं कारण वेगळं आहे, पुढे येईलच.

तर आभार. सगळ्यात आधी आभार 'अहो-जाहो'चे.

तीन वर्षांत तुम्ही मला एकदाही 'तू' म्हणाला नाहीत. वयाने मी तुमच्यापेक्षा बरीच लहान. दुसऱ्या की तिसऱ्या सेशनला मीच म्हटलं होतं, "मला अगं-तुगं केलंत तरी चालेल." तुम्ही जरा थांबलात आणि विचारलंत, "चालेल म्हणताय. पण तुम्हाला हवंय का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन खूप रडले. मला ते अजिबात नको होतं. समोरच्याने मागायच्या आधीच आपणहून देऊन टाकायचं, म्हणजे तो ओरबाडणार नाही, ही माझी जुनी खोड. ती तुम्ही एका प्रश्नात पकडली होती.

आधीच्या थेरपिस्टकडे तिसऱ्या आठवड्यातच 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. दोन महिन्यांत "मला आईच समज" सुरू झालं. जिला लहानपणी घरातल्या माणसांचीच भीती वाटत आली, तिला असं वाक्य ऐकवल्यावर ती काय करणार? मी विरघळले. पन्नास मिनिटांचं सेशन दीड-दोन तासांचं व्हायला लागलं. रात्री अकराला मेसेज यायचे. सुरुवातीला माझी चौकशी असायची, मग त्यांचीच गाऱ्हाणी: घरातली भांडणं, झोप न लागणं, इतर क्लायंटचे किस्से. मला वाटायचं, केवढा विश्वास आहे यांचा माझ्यावर! मी त्यांना धीर द्यायचे. फी मात्र मीच भरत होते. (यावर आता हसू येतं. दोन वर्षांपूर्वी येत नव्हतं.)

शिवाय तिथे घाई फार. पहिल्या सहा आठवड्यांत लहानपणचं सगळं तपशीलवार बोलून झालं पाहिजे, तेही डोळे मिटून. मी बोलता बोलता सुन्न व्हायचे, हात आपले वाटायचे नाहीत. त्या म्हणायच्या, "बघ, ब्रेकथ्रू होतोय." बाहेर पडल्यावर रोजचा रस्ता ओळखीचा वाटायचा नाही. 'आज नको' म्हटलं की तो माझा रेझिस्टन्स, म्हणजे बरं व्हायलाच मनाचा विरोध. शंका विचारली की ते ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या माणसांबद्दलच्या भावना थेरपिस्टवर काढणं. प्रत्येक 'नाही'ला त्यांच्याकडे एक इंग्रजी नाव तयार होतं आणि ते नाव दिलं की 'नाही' बाद. शेवटी एकदा मी विचारलं, "माझ्याबद्दलही तुम्ही इतरांना सांगता का?" दुसऱ्या दिवशी चार ओळींचा मेसेज आला: तू अजून तयार नाहीस, आपण इथे थांबू. त्यानंतर माझे मेसेज जायचेच बंद झाले.

तुमच्याकडे आले तेव्हा त्याला नऊ महिने होऊन गेले होते. लहानपणीचं होतं ते होतंच, आता त्यावर हाही थर चढला होता. पडून मोडलेला हात घेऊन जावं आणि प्लास्टर घालणाऱ्यानेच तो पुन्हा पिरगळावा, तसं. लोक म्हणायचे, "मग दुसऱ्या थेरपिस्टकडे जा की!" त्यांना काय सांगायचं? मला थेरपीच्या खोलीचीच भीती बसली होती. दोन खुर्च्या समोरासमोर दिसल्या तरी छातीत धडधडायचं.

पहिल्या दिवशी तुम्ही एक कागद पुढे ठेवलात. साधाच, दोन पानी. सेशन ५० मिनिटांचं. मधल्या काळात मेसेज फक्त वेळ ठरवायला किंवा बदलायला. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर कोणाला फोन करायचा. माहिती कुठल्या परिस्थितीत गुप्त राहणार नाही. तुम्ही स्वतः तुमच्या कामाबद्दल एका सुपरव्हायझरशी, म्हणजे मार्गदर्शक थेरपिस्टशी, बोलता, माझं नाव न सांगता. दुसऱ्या पानावर खाली लिहिलं होतं: 'माझ्याविरुद्ध तक्रार करायची असल्यास', आणि पुढे पत्ता. मी ती ओळ चार वेळा वाचली. तुम्ही म्हणालात, "हा कागद घरी न्या. सही करायची की नाही ते पुढच्या वेळी ठरवा." मी सही तिसऱ्या भेटीत केली. तोवर तुम्ही एकदाही आठवण केली नाहीत.

'माझ्यावर विश्वास ठेवा' हेही तुम्ही कधी म्हणाला नाहीत. उलट म्हणालात, "तुमचा अविश्वास शहाणा आहे, त्याला इथे बसू द्या." मग तो बसला. वर्षभर बसला. तुमची प्रत्येक जांभई, प्रत्येक 'हं' तो तपासत होता. तुम्हाला किती कंटाळा आला असेल देव जाणे.

पहिले सात-आठ महिने आपण भूतकाळाला हातच लावला नाही. मला वाटलं, या बाईंना काही येत नसावं. खुर्ची तिरकी ठेवायची का, दार दिसेल असं बसायचं का, डोळे उघडे ठेवूनच श्वासाचा व्यायाम करता येईल का, यातच वेळ जायचा. डोळे मिटून श्वास मोजायला सांगितलं की मी जास्त घाबरायचे. 'काही जणांचं तसं होतं' एवढंच म्हणून तुम्ही तो व्यायाम बाजूला ठेवलात आणि त्याऐवजी खिडकीच्या जाळीतले चौकोन मोजायला दिलेत. उभे अकरा, आडवे सात. आजही पाठ आहेत. पुढे तुम्ही सांगितलंत की हा क्रम तुमच्या मनाचा नाही. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये दीर्घकाळ चाललेल्या अत्याचारांतून होणाऱ्या आघाताची वेगळी मांडणी केली आणि सावरण्याचे टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. पहिल्या टप्प्याला वगळून थेट दुसऱ्यावर उडी मारली की काय होतं, हे मी अंगावर काढलं होतं.

माझ्या त्रासाला नाव आहे हेही तुमच्याकडूनच कळलं. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचीत १९८० मध्ये आलं, पण कॉम्प्लेक्स पीटीएसडीला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्वतःची जागा मिळाली ती अकराव्या आवृत्तीत. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. क्रमांक ६बी४१. नेहमीच्या पीटीएसडीत असतं ते सगळं, म्हणजे प्रसंग पुन्हा आत्ताच घडतोय असं वाटणं, टाळाटाळ, सतत धोका जाणवणं. त्यात आणखी तीन गोष्टी: भावना आवरता न येणं, आपण मुळातच टाकाऊ आहोत ही पक्की समजूत, आणि माणसं जवळ टिकवता न येणं. तुम्ही हे वाचून दाखवत होतात आणि मी नुसती मान हलवत होते. मग म्हणालात, "हे तुमच्या त्रासाचं वर्णन आहे, तुमचं नाही." हे शेवटचं मला तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही रोज पटत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लपवली नाहीत. थेरपीने अपाय होऊ शकतो, हे या क्षेत्राला फार आधीपासून माहीत आहे. ॲलन बर्गिन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच लिहिलं होतं की थेरपीने काही जण सुधारतात तसे काही बिघडतातही. पुढच्या अभ्यासांत हा आकडा साधारण ५ ते १० टक्के येत राहिला. त्यातल्या प्रत्येकाचा दोष थेरपिस्टकडेच जातो असं नाही, हेही तुम्ही लगेच जोडलंत. पण मला तेवढा आकडा पुरला. माझ्यासारखे आणखी आहेत आणि ते सगळे 'तयार नसलेले' नसणार.

आता त्या मंगळवारबद्दल. दीड वर्ष झालं होतं. मी वेळेवर आले, दाराला कुलूप. वीस मिनिटं जिन्यात बसले. पोटात गोळा, कानात शिट्टी. मग मी तुम्हाला मेसेज केला: 'सॉरी मॅडम, माझीच वेळ चुकली वाटतं, तुम्हाला त्रास दिला.' तुमचं उत्तर लगेच आलं: 'वेळ तुमची बरोबर आहे. चूक माझी. मी दुसऱ्या तारखेला नोंदवलं. आज तुम्हाला जिन्यात थांबावं लागलं याचं मला वाईट वाटतं. उद्या सकाळी दहा वाजता मी वेळ ठेवली आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.'

मी आले ती भांडायच्या तयारीने. खरं तर माफ करायच्या तयारीने, तेच माझं भांडण. तुम्ही ते करू दिलं नाहीत. "असू दे, होतं असं" म्हणायला मी तोंड उघडलं आणि तुम्ही म्हणालात, "असू दे नंतर म्हणा. आधी जिन्यात काय झालं ते सांगा." आणि मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्यापेक्षा मोठ्या, माझ्यावर अधिकार असलेल्या माणसावर मोठ्याने ओरडले. तुम्ही खुर्ची मागे घेतली नाहीत, रडला नाहीत, ट्रान्सफरन्स म्हणाला नाहीत. पुढच्या आठवड्यात तुम्ही तिथेच होतात. मॅडम, सगळ्या व्यायामांपेक्षा मला त्या कुलपाने जास्त बरं केलं. पुन्हा मात्र विसरू नका!

आणि एका गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटायची, तिचे आभार. मला त्यांची आठवण येते, आधीच्या थेरपिस्टची. मैत्रिणींना सांगितलं की त्या भडकायच्या, "त्या बाईची आठवण?" तुम्ही भडकला नाहीत. तुम्ही त्यांना राक्षस ठरवलं नाहीत आणि त्यांची बाजूही घेतली नाहीत. "त्यांनी तुम्हाला काही खरं दिलंही असेल," म्हणालात, "आणि त्याची किंमत घ्यायचा त्यांना हक्क नव्हता." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडले, त्यांच्यामुळे नव्हे. शोक म्हणतात तो हाच असावा.

तक्रारीचंही तसंच. मी अकरा मसुदे लिहिले. तुम्ही कुठे द्यायची, कसं होतं, किती वेळ लागू शकतो हे सांगितलंत आणि बाजूला झालात. अजून दिलेली नाही. कदाचित देईन. दिली तर ती योग्य जागी असेल, इथे नाही. त्यांचं नाव इथे नसण्याचं कारण हे. हा निर्णय माझ्या हातात राहिला याचं मोल बाहेरून कळत नाही, कारण माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय माझ्या भल्यासाठीच इतरांनी घेतलेले होते.

शेवटची सहा सेशन्स आपण फक्त निरोपावर बोललो. मला ते अति वाटलं होतं. पण चार ओळींच्या मेसेजने तुटलेल्या माणसाला सहा आठवडे निरोप घ्यायला मिळणं काय असतं, ते मी आता सांगू शकते. गेल्या आठवड्यात रात्री अकराला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला आणि माझे हात गार पडले. कुठल्याशा विम्याची जाहिरात होती. मी उठले, दिवा लावला, माझ्या खिडकीचे चौकोन मोजले. उभे आठ, आडवे सहा. मग झोपले. तुम्हाला कळवावंसं वाटलं, कळवलं नाही. मेसेज फक्त वेळ ठरवायला.

आपली,
अकरा गुणिले सातवाली

ता. क. शेवटच्या सेशनची पावती मिळाली. तीवर ४ ते ४:५० लिहिलंय. आपण उठलो तेव्हा ४:५३ झाले होते. मी घड्याळ पाहिलं होतं. तुम्हीही पाहिलंत.