नवरदेवाचा वाद नव्हताच

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रक्तपिपासूंच्या लांबत गेलेल्या कादंबऱ्यांवर एक टिपण आलं होतं. अशा मालिकांचे वाचक शेवटी नाराज होतात ते नायिकेचं लग्न त्यांच्या आवडत्या नायकाशी लागत नाही म्हणून, असं त्यात म्हटलं होतं. शिवाय हे सगळं मोठ्या शहरातल्या पोरापोरींचं खूळ आहे, असाही शेरा होता.

शहराचं आधी उरकतो. मी केळापूर तालुक्यात शेती करतो. तूर भरायला लागली की रानडुकरं आणि रोही यांच्यापायी रात्री जागलीला जावंच लागतं, आणि जागलीत डोळा लागू नये म्हणून माणूस काहीही वाचतो. मी शार्लेन हॅरिस या अमेरिकी लेखिकेची सूकी स्टॅकहाउसची मालिका वाचली, तेराच्या तेरा पुस्तकं. काही नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी मिळाली, बाकीची मोबाईलवर. वाचली म्हणण्यापेक्षा सांगितली म्हणा. शेजारच्या धुऱ्यावरचे काका आणि त्यांचा पुतण्या शेकोटीशी येऊन बसत आणि मी त्यांना वऱ्हाडीत एकेक प्रकरण ऐकवत असे. यवतमाळला शिकणारी माझी भाची मात्र स्वतः वाचते आणि फोनवर भांडते. म्हणजे या मालिकेने नाराज झालेले आमच्याकडे चार जण आहेत आणि त्यातल्या दोघांनी इंग्रजीची एक ओळ वाचलेली नाही.

आता मालिकेबद्दल. २००१ साली पहिलं पुस्तक आलं, ‘डेड अनटिल डार्क’. लुइझियाना राज्यातलं बाँ ताँ नावाचं एक काल्पनिक खेडेवजा गाव. जपान्यांनी कृत्रिम रक्त तयार केलंय, त्यामुळे रक्तपिपासूंनी ‘आम्ही आहोत’ असं जगाला उघड सांगून टाकलंय. सूकी ही तिथल्या बारमध्ये ऑर्डरी घेणारी, आजीबरोबर राहणारी गरीब मुलगी. तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. सगळ्यांच्या, सतत. खेड्यात राहणाऱ्याला हे किती भयंकर आहे ते समजावून सांगावं लागत नाही. इथे न बोललेलंही निम्मं कळतं, ते पुरे आहे. आणि एक दिवस बारमध्ये असा गिऱ्हाईक येतो की त्याच्या डोक्यातून काहीच ऐकू येत नाही, कारण तो रक्तपिपासू, म्हणजे मेलेला आहे. तिचं प्रेम बसतं ते या शांततेवर. काकांनी तेव्हाच मान डोलावली होती : “बरोबर हाय. तिले निवांत भेटला.”

एवढी चांगली कल्पना मी पिशाच्चकथेत दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि लेखिकेने सुरुवातीला तिचे नियम कसोशीने पाळले. बोलावल्याशिवाय रक्तपिपासू घरात येऊ शकत नाही. आणि घरमालकिणीने आमंत्रण परत घेतलं तर त्याला तिथल्या तिथे बाहेर पडावं लागतं. सूकी हे हत्यार खरंच वापरते. चांदीने त्यांना भाजतं, उन्हाने ते मरतात. त्यांचे राजे-राण्या आहेत, राज्यागणिक एक, आणि हाताखाली शेरीफ. २००५ साली कतरिना वादळ आलं, ते खरं वादळही लेखिकेने कथेत घेतलं : लुइझियानाची राणी त्याने खिळखिळी झाली आणि नेवाडाच्या राजाने तिचं राज्य गिळलं. एरिक हा दुसरा रक्तपिपासू, हजार वर्षांपूर्वीचा व्हायकिंग म्हणजे उत्तरेकडचा समुद्री लढवय्या, त्या भागाचा शेरीफ. तो सूकीच्या घराच्या वाटेवर खडी टाकून देतो. हे ऐकून पुतण्या म्हणाला, असा भूत आपल्या पांदणीले पाहिजे होता. चौथ्या पुस्तकात एरिकची स्मृती जाते, तो तिच्या घरात लपून राहतो आणि दोघांचं जुळतं; ते पुस्तक मी आमच्या मंडळींना दोनदा सांगितलं.

नियमांचं एवढं काय, असं टिपणकारांना वाटेल. आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१८ साली टी-१ वाघिणीची दहशत होती, ती नोव्हेंबरमध्ये मारली जाईपर्यंत. त्या दिवसांत प्रत्येकाला काही गोष्टी पाठ होत्या : एकट्याने जायचं नाही, वाकून काम करताना एकाने उभं राहायचं, उन्हं कलायच्या आत गाव गाठायचं. धास्ती खरी होती म्हणून तिचे कायदे होते. जिथे काहीही केव्हाही होऊ शकतं तिथे माणूस भीत नाही, कंटाळतो. सूकीच्या आठव्या-नवव्या पुस्तकापासून हेच झालं. आधी रक्तपिपासू होते, मग लांडगे होणारी माणसं, मग वाघ होणारी, मग पऱ्या, पऱ्यांचं युद्ध, पणजोबा परी, चुलतभाऊ परी. दर पुस्तकात नवं पात्र यायचं आणि जुनं कुठे गेलं ते कोणी विचारायचं नाही. काका मधेच थांबवून विचारत, “तो मागचा कुठी गेला बे?” आणि माझ्याकडे उत्तर नसे.

तरी मी म्हणेन, बाराव्या पुस्तकाच्या शेवटापर्यंत लेखिकेने डाव सांभाळला होता. सूकीला आजीच्या जुन्या मेजाच्या चोरकप्प्यात पऱ्यांनी दिलेली एक वस्तू सापडलेली असते. तिने एकच इच्छा पूर्ण होते, एकदाच. इकडे एरिकला पिशाच्च करणारा रोमन मालक मरण्याआधी एरिकचं लग्न ओक्लाहोमाच्या राणीशी ठरवून गेलाय. तो करार मोडायला सूकी ती वस्तू वापरेल, अशी एरिकची अपेक्षा. आणि तिच्या डोळ्यांसमोर बारमालक सॅम मरून पडतो. ती विचार न करता ती वस्तू सॅमवर खर्च करते. एरिक बघतो आणि निघून जातो. ते सांगून झालं तेव्हा शेकोटीशी कोणी बोललं नाही. भाची एरिकच्या बाजूची, पण तीही म्हणाली की इथे कोणाला बोल लावता येत नाही.

मग २०१३ साली तेरावं आलं, ‘डेड एव्हर आफ्टर’. त्याचा शेवट बाजारात येण्याआधीच फुटला आणि सूकी सॅमची होते हे कळताच काही वाचकांनी पुस्तक हाती न घेता लेखिकेला वाटेल ते लिहिलं. त्याचं समर्थन मी करणार नाही. नायिकेने कोणाबरोबर राहायचं हे लेखिकाच ठरवणार. मला तर सॅम पटतोही. दिवसा जागा असणारा, लेकरंबाळं होऊ शकणारा, एकाच गावातला माणूस. काकांनी तर पहिल्याच पुस्तकात त्याची शिफारस केली होती.

आमची तक्रार त्या पुस्तकात जे नाही त्याबद्दल आहे. बाराव्यात सूकीने एका क्षणात जे केलं, त्याचा अर्थ तिला स्वतःला, एरिकला आणि सॅमला कसा लागला, हे तेराव्यात समोरासमोर यायला हवं होतं. त्याऐवजी एरिक कराराच्या कागदाने बांधला जाऊन ओक्लाहोमाला रवाना होतो. हजार वर्षं टिकून राहिलेला माणूस असा बदलीचा कागद आलेल्या तलाठ्यासारखा निघून जातो आणि सूकीला निवडायला कोणी उरतच नाही. बाकी पानं एका खुनाच्या आरोपात आणि जुन्या दुष्मनांच्या परतण्यात जातात. आणखी एक गोष्ट मला सांगताना फार टोचली. बारा पुस्तकं सूकी स्वतः ‘मी’ म्हणून सांगते. तेराव्यात मधेच तिच्या पाठीमागे घडणारे प्रसंग कोणी तिसराच सांगू लागतो. पुतण्याने लगेच पकडलं : “हे तिले कसं मालूम?” मी काय सांगणार? ज्या मुलीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं तिच्याच गोष्टीत लेखिकेला बाहेरचा माणूस आणावा लागला.

त्याच वर्षी पुढे कोणाचं काय झालं ते सांगणारं एक छोटं पुस्तक निघालं. त्यात पात्रांची नावं वर्णानुक्रमे आणि बहुतेकांपुढे चार-दोन ओळी. टीव्हीवर ‘ट्रू ब्लड’ नावाने जी मालिका २००८ पासून चालली, तिने २०१४ मध्ये वेगळा शेवट केला, पण शेवटच्या दृश्यात सूकीच्या नवऱ्याचं तोंडच दाखवलं नाही. हे कळल्यावर काकांनी त्या मालिकेचं नाव काढणं सोडलं.

टिपणकार म्हणतात की लांब मालिका ढासळणारच, त्याला इलाज नाही. रक्तपिपासूंच्या बाबतीत हे दुखणं जुनं आहे खरं. १८४५ ते १८४७ या काळात इंग्लंडमध्ये वार्नी नावाच्या रक्तपिपासूची कथा स्वस्त भागांतून निघत होती. ती इतकी लांबली की शेवटी त्याला व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी मारायला लावून सुटका करून घेतली. पण आपल्याकडे वेताळ पंचविशी आहेच की. तिथे प्रेत आहे, स्मशान आहे, आणि पंचवीस गोष्टींची लांबण आहे. राजा बोलला की वेताळ झाडावर परत, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. हा नियम सुरुवातीलाच सांगितलेला. शेवटच्या गोष्टीत बापाचं लग्न मुलीशी आणि लेकाचं तिच्या आईशी होतं, त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय, असं वेताळ विचारतो आणि राजाला उत्तर खरंच येत नाही. म्हणून तो गप्प राहतो आणि गोष्ट संपते. सुरुवातीच्या अटीतूनच शेवट निघाला, बाहेरून काही आणावं लागलं नाही.

टिपणकारांनी बारावं आणि तेरावं पुस्तक लागोपाठ वाचावं आणि मग वाचकांना नवरदेवासाठी रुसलेले म्हणावं, एवढीच विनंती. आमच्या जागलीत सध्या वेताळच चालू आहे. त्या शेवटच्या नात्याचं उत्तर आपल्याला सापडलं, असं पुतण्याचं म्हणणं आहे. मला ते पटलेलं नाही.

आपला,
एक वाचक
ता. केळापूर, जि. यवतमाळ