बोल्डरिंगची संघ-लीग आहे तशीच राहू द्यावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शहरातील एका खासगी क्लायंबिंग जिममध्ये गेल्या पावसाळ्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी बोल्डरिंगची मैत्रीपूर्ण संघ-लीग भरते. पुढच्या हंगामापासून ती वैयक्तिक करावी, रोख बक्षिसे ठेवावीत आणि त्यासाठी प्रवेश शुल्क वाढवावे, अशी सूचना पुढे आली असून तिच्यावर सभासदांची मते मागवली जात आहेत. या लीगमध्ये खेळलेला पन्नाशीचा एक सभासद म्हणून माझा या सूचनेला विरोध आहे. कोल्हापुरात कोणताही नवा खेळ कसा रुजावा, हा प्रश्न यात गुंतलेला असल्याने हे पत्र आपल्याकडे पाठवीत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. बोल्डरिंगमध्ये दोर नसतो. साधारण चार ते साडेचार मीटर उंचीची भिंत, तिच्यावर हातापायांच्या आधारासाठी बसवलेले रंगीत खुंट, म्हणजे होल्ड, खाली जाड मॅट, पायांत रबरी तळव्याचे घट्ट बूट आणि हातांना चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, एवढाच सरंजाम. आखाड्यात पैलवान घामाने पकड सुटू नये म्हणून हाताला तांबडी माती चोळतात, तेच काम येथे ही पांढरी पूड करते. भिंतीवरच्या प्रत्येक वाटेला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात आणि तो शब्द अगदी योग्य आहे, कारण दंडातली ताकद संपते तेथूनच खरे डोके चालवावे लागते.

आमच्या लीगमध्ये चार जणांचा संघ असतो आणि त्यात निदान एक जण नवशिका असावाच लागतो. पहिल्या गुरुवारी प्रत्येकाची पातळी ठरते; त्यानंतर आपल्या पातळीच्या वरचा प्रॉब्लेम पूर्ण केल्यास अधिक गुण मिळतात. त्यामुळे सर्वांत सोप्या रंगाच्या प्रॉब्लेमवरून एक पायरी वर गेलेली शाळकरी मुलगी आणि दहा वर्षे सह्याद्रीत कडे चढलेला गडी, दोघेही संघाच्या खात्यात सारखीच भर घालू शकतात. गुणपत्रिकेवर सही करायची ती प्रतिस्पर्धी संघातल्या कोणीतरी. आजवर त्या सहीवरून एकदाही वाद झाल्याचे मला आठवत नाही.

आमच्या संघात शिवाजी उद्यमनगरातील एक टर्नर आहेत. आयुष्यभर लेथवर काम केल्याने त्यांच्या बोटांत विलक्षण जोर आहे, पण सुरुवातीला ते सगळे वजन हातांवरच तोलत. एका पिवळ्या प्रॉब्लेमवर ते पाच वेळा एकाच ठिकाणाहून पडले. सहाव्या वेळी विरुद्ध संघातली कॉलेजची एक मुलगी मॅटच्या कडेला येऊन म्हणाली, “काका, उजवा हात सोडायच्या आधी उजवा पाय मागून पलीकडे न्या आणि भिंतीला नुसता टेकवा, होल्ड शोधू नका.” त्यांनी तसे केले, तेव्हा दाराच्या बिजागरीसारखे बाहेर फिरणारे त्यांचे अंग जागच्या जागी थांबले आणि हात वरच्या होल्डवर जाऊन बसला. त्या एका प्रॉब्लेमने तिचा संघ त्या गुरुवारी हरला, आणि सर्वांत आधी टाळी वाजवली ती तिनेच.

रोख बक्षीस लागले की हा सल्ला बंद होईल, अशी मला भीती आहे. पहिल्या गुरुवारी मुद्दाम खालची पातळी नोंदवण्याचा मोह होईल. बोट दुखत असतानाही चढण्याचा मोह त्याहून वाईट, कारण बोटातील कंडरा हाडाशी धरून ठेवणारे पट्टे एकदा दुखावले की बरे व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. ज्यांच्या हाडांची वाढ अजून चालू आहे अशा मुलांच्या बाबतीत तर हा धोका कदापि पत्करू नये.

बक्षीस नसेल तर चांगले खेळाडू येणार नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. ज्यांना ईर्ष्येने एकट्याच्या बळावर उतरायचे आहे त्यांच्यासाठी वर्षातून एक स्वतंत्र खुली स्पर्धा जरूर भरवावी; मी स्वतः तिथे पंचाचे काम करीन. परंतु लीगचा बळी देऊन नको. टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम आला आणि २०२४ साली पॅरिसमध्ये बोल्डरिंगच्या एकेका प्रॉब्लेमला २५ गुण होते. पण तशा अंतिम फेरीतही चढण्यापूर्वी भिंत पाहायला मिळते तेव्हा पदकासाठी झगडणारे खेळाडू एकत्र उभे राहून, हवेत हात हलवत, कोणता होल्ड कसा धरावा याची आपसांत चर्चा करतात. जे त्या पातळीवर कमीपणाचे मानले जात नाही, ते आमच्या गुरुवारी कमीपणाचे का ठरावे?

शिवाय कोल्हापूरला संघाचे महत्त्व सांगावे लागू नये. आपल्याकडे फुटबॉल वाढला तो तालमींच्या नावाने. पाटाकडील, दिलबहार ही नावे ऐकली की शाहू स्टेडियम आठवते, आणि पेठेतले पोर मैदानात उतरते ते पेठेसाठी. भिंतीवर चढताना माणूस एकटाच असतो, म्हणून तर त्याच्या खाली आपली माणसे उभी असण्याची गरज अधिक.

जिमच्या चालकांना माझी विनंती आहे की चार जणांचा संघ, नवशिक्याची अट आणि प्रतिस्पर्ध्याची सही या तीन गोष्टींना हात लावू नये, आणि शुल्क वाढवायचेच असेल तर महापालिकेच्या शाळांतील मुलांना त्यातून वगळावे. तालमींनी आणि तरुण मंडळांनीही पुढच्या हंगामात आपला एकेक संघ उतरवावा. बूट जिममध्ये भाड्याने मिळतात. पहिल्या दिवशी चढण्याआधी पडायला शिकवले जाते: दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवून पाठीवर लोळायचे, आणि हात मागे टेकवायचा नाही. तेवढे जमले की त्याच संध्याकाळी संघात घेता येते.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर